मदत हवी आहे: डीसीतलं इथिओपियन जेवण, सासूबाई आणि मधोमध एकच ताट

मंडळी, सासू-सासरे सांगलीहून आलेत. वॉशिंग्टनमधली म्यूझियम्स, व्हाइट हाउसचं कुंपण, सगळं बघून झालं. खाण्याची गाडी मात्र इंडियन बुफे आणि चीज पिझ्झाच्या पुढे सरकलेली नाही. आता साबुंनीच (सासरेबुवांनी) फर्मान काढलंय, "सांगलीत मिळणार नाही असं काहीतरी खाऊ घाला." नवऱ्याचं ऑफिस यू स्ट्रीटजवळ आहे, तो नाइन्थ स्ट्रीटवरनं अधूनमधून इथिओपियन पार्सल आणतो आणि मला ते जाम आवडतं. तिथल्याच एखाद्या साध्या, खिशाला परवडणाऱ्या जागी सगळ्यांना न्यावं असं डोक्यात आहे.

पण पार्सल वेगळं आणि तिथे बसून जेवणं वेगळं. काचेतून पाहिलंय: टेबलावर एक भलं मोठं ताट, त्यात इंजेरा (आंबोळीसारखी आंबवलेली मऊ पोळी) अंथरलेली, वर भाज्यांचे ढीग आणि चारी बाजूंनी सगळ्यांचे हात. आमच्या साबा (सासूबाई) शुद्ध शाकाहारी, आणि उष्ट्याच्या बाबतीत फार कडक. नातवाने तोंडातला चमचा आमटीत बुडवला की त्या दिवशी त्यांचं जेवण ताक-भातावर. नवरा आणि दीर चिकन-मटणवाले, बीफ कोणीच खात नाही. साबुंना अ‍ॅसिडिटी. जाऊबाईंना सीलिअ‍ॅक, गव्हाचा कणही चालत नाही.

वेगळं ताट मागितलं तर तिथल्या लोकांना अपमान वाटेल का? सहा मोठे आणि दोन पोरं, एवढ्यांना किती मागवायचं? आणि 'व्हेज' म्हटलं की खरंच व्हेज येतं ना? ज्यांनी कुटुंबकबिला घेऊन हा उद्योग केलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सिल्व्हरस्प्रिंगकर:
अपमान वगैरे काही नाही. डीसीत इथिओपियन मंडळी त्यांच्याकडच्या १९७४ च्या क्रांतीनंतर मोठ्या संख्येने यायला लागली. आधी अ‍ॅडम्स मॉर्गनच्या एटीन्थ स्ट्रीटवर हॉटेलं निघाली, मग यू स्ट्रीट आणि नाइन्थ स्ट्रीटवर. तिकडची भाडी वाढल्यावर बरेच जण आमच्या सिल्व्हर स्प्रिंगला आणि व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाला आले. इतक्या वर्षांत त्यांनी सगळ्या तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिलीत.

मोकळेपणाने मागा. साबांसाठी एका माणसाचं व्हेज कॉम्बो वेगळ्या ताटात सांगा. उरलेल्या शाकाहाऱ्यांना दुसरं ताट, नवरा-दिरांना तिसरं. नॉनव्हेज वेगळ्या ताटात हवंच, कारण एकत्र सांगितलं तर डोरो वॉटचा, म्हणजे चिकनचा, रस्सा त्याच इंजेरावर पसरत गोमेनच्या पालेभाजीपर्यंत पोचतो आणि मग साबा काय, मीही खाणार नाही. ऑर्डर देताना 'सेपरेट प्लेट' दोनदा म्हणा. सवयीने ते सगळं एकाच ताटात रचून आणतात, प्रेमाने आणतात, आणि एकदा आल्यावर उलगडता येत नाही.

व्हेजबद्दल निर्धास्त राहा. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे वर्षात १८० च्या वर दिवस उपासाचे असतात. दर बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरआधी ५५ दिवस. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी बंद. त्यामुळे बिनमांसाचा स्वयंपाक हा त्यांच्याकडे बाहेरच्यांसाठी केलेली तडजोड नाही, रोजचा आहे. वेटरला 'फास्टिंग' किंवा 'त्सोम' म्हणा, लगेच कळतं. मेनूवर 'बेयाय्नेतू' दिसलं तर तेच मागवा, त्यात सगळं थोडं थोडं येतं.

खाऊगल्ली:
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण दोन ठिकाणी जपा. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या मसालेदार पिठाचं, चक्क आपल्या पिठल्याचा भाऊ, साबा खूश होतील. पण 'बोझेना शिरो' घेऊ नका, त्यात मांसाचे तुकडे असतात. तसंच 'गोमेन' ही पालेभाजी, आणि 'गोमेन बेसिगा' म्हणजे तीच भाजी मांस घालून. टिब्स (परतलेले मांसाचे तुकडे) बहुतेक वेळा बीफचेच, लॅम्बचे हवे असतील तर तसं सांगा. किटफो तर कच्चं बीफच, त्या रांगेकडे बघूच नका. दिरांना डोरो वॉट द्या, त्यात चिकनबरोबर अख्खं उकडलेलं अंडं असतं.

साबुंना व्हेजमधलं 'अलिचा' (बिनतिखट) लिहिलेलं काहीही चालेल, मांसाचंही अलिचा असतं. किक अलिचा म्हणजे पिवळी डाळ, हळदीची, त्यात बर्बरे हा तिखट लाल मसाला नसतो. लाल दिसणारी मसुराची डाळ, मिसिर वॉट, तिखट असते आणि तिखटपणा मागून येतो. पोरांना कोबी-बटाटा-गाजराची भाजी द्या, विषय संपला.

धागाकर्ती:
बापरे, बोझेनाचं माहीतच नव्हतं, बरं झालं विचारलं! जाऊबाईंचं काय करू? इंजेरा ग्लूटेन-फ्री असते असं सगळीकडे वाचलंय.

भाकरतुकडा:
त्याच्यावर विसंबू नका. टेफ या धान्यात ग्लूटेन नसतं हे खरं, पण अमेरिकेत टेफ महाग पडतं म्हणून बऱ्याच ठिकाणी पिठात गहू किंवा बार्ली मिसळतात. इंजेरा फिकट आणि फुगीर असली तर हमखास संशय घ्या. शंभर टक्के टेफची हवी असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं, कारण पीठ दोन-तीन दिवस आंबवलेलं असतं, आयत्या वेळी करता येत नाही. थोडे जास्त पैसे घेतात. त्यातही सीलिअ‍ॅक असेल तर 'तव्यावर आधी कुठली भाजता' हेही विचारा. उत्तर अडखळत आलं तर जाऊबाईंना घरून भात न्या आणि भाज्यांत गव्हाचं पीठ घालतात का याची चौकशी करा. आमच्या घरात हा आजार आहे, म्हणून फटकळपणे लिहितोय.

सिल्व्हरस्प्रिंगकर:
प्रमाणाचं राहिलंच. सहा मोठ्यांना चार जणांचं सांगा. इंजेरा पोटात जाऊन फुगते. बाजूला गुंडाळ्या देतात त्या आधी संपवू नका, भाज्यांखालची रस्सा प्यायलेली इंजेरा शेवटी खायची, तीच खरी मजा. एका माणसाचं व्हेज कॉम्बो हल्ली वीस डॉलरच्या आगेमागे पडतं. २०२२ मध्ये टिपवाल्या कामगारांच्या वेतनाचा कायदा मतदानात मंजूर झाला, तेव्हापासून डीसीत बरेच जण बिलातच सर्व्हिस चार्ज लावतात. तो बघून मगच टिप लिहा.

उंटावरचा शहाणा:
सगळे बोलताहेत, पण कांद्याचं कोणीच काढलं नाही. 'वॉट' नावाचा कुठलाही पदार्थ पातेलंभर बारीक कांदा तेलाशिवाय परतत परतत सुरू होतो, वर लसूण. साबा चातुर्मास पाळतात का?

धागाकर्ती:
पाळतात!! आषाढीपासून कांदा-लसूण बंद. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

उंटावरचा शहाणा:
मग कांदेनवमीलाच न्या की. इतका कांदा एका ताटात सांगलीतही मिळणार नाही. (हलकं घ्या, पण खरंच न्या.)

खाऊगल्ली:
:) आणि साबु चहाबाज असले तरी कॉफी चुकवू नका. समारंभासह हवी असेल तर आधी विचारून ठेवा, सगळीकडे करत नाहीत. करतात तिथे हिरवे दाणे समोर भाजतात आणि धुराची कढई वास घ्यायला टेबलाशी आणतात. जबेना नावाच्या मातीच्या सुरईतून तीन फेऱ्या, बरोबर पॉपकॉर्न. निवांत वेळ हवा, पोरं कंटाळतील, त्यांच्यासाठी पॉपकॉर्न आहेच.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. नवमीच्या संध्याकाळचं ठरवतेय, टेफसाठी उद्याच फोन करते. गाडी न्यावी का?

सिल्व्हरस्प्रिंगकर:
नको. संध्याकाळी नाइन्थ स्ट्रीटला पार्किंग शोधता शोधता साबुंची अ‍ॅसिडिटी उपाशीपोटीच सुरू होईल. ग्रीन लाइनने यू स्ट्रीट स्टेशनला उतरा, तिथून चालत जवळ आहे.