अँटवर्पला बर्थ (धक्क्यावरची जागा) रिकामा नसताना जहाज पळवायचं कशाला?

चार्टरडेस्क: मुंद्रा ते अँटवर्प, स्टील कॉइल, व्हॉयेज चार्टर, म्हणजे एका फेरीपुरतं जहाज भाड्याने; भाड्याने घेणारे (चार्टरर) आम्ही. बर्थ अडीच दिवस उशिरा मिळणार हे जहाज निघण्याआधीच कळलंय. वेग 13 वरून 11.5 नॉट (ताशी सागरी मैल) करा म्हटलं तर मालक म्हणतो, डेमरेज (ठरल्या मुदतीपलीकडे जहाज अडकवल्याची भरपाई) बुडेल. डेमरेज आम्ही भरायचं आणि इंधन वाचणार त्याचं, मग आमच्या पदरात काय?

लेटाइमवाला: मालकाचं खरं आहे. हळू आला तर एनओआर (जहाज पोचून तयार असल्याची सूचना) उशिरा, म्हणजे लेटाइमही (माल चढवा-उतरवायला दिलेली मुदत) उशिरा सुरू. त्यावर व्हर्च्युअल अरायव्हलचं कलम आहे, बिम्को या जहाज उद्योगाच्या संघटनेचा तयार मसुदा मिळतो. 13 नॉटने जहाज ज्या वेळी पोचलं असतं तीच एनओआरची वेळ धरायची. ती वेळ वेदर राउटिंग (हवामान पाहून मार्ग सुचवणाऱ्या) कंपनीने नून रिपोर्टवरून (जहाजाच्या रोज दुपारच्या नोंदीवरून) काढायची, दोघांनी मान्य करायची. बदल्यात वाचलेल्या इंधनात वाटा मागा, निम्म्यापासून सुरुवात करा. बंकरचा (जहाजाच्या इंधनाचा) भाव कोणत्या तारखेचा, कोणत्या बंदराचा, हेही आधीच लिहून घ्या. नंतर सगळे वाद तिथेच होतात.

बंकर_हिशेब: आकडे मांडतो. अंतर 6,000 सागरी मैल धरा, 13 नॉटला मुख्य इंजिन दिवसाला 22 टन. प्रवास 19.2 दिवस, 423 टन. दिवसाचा खप साधारण वेगाच्या घनाप्रमाणे घटतो, म्हणून 11.5 ला 15.2 टन, 21.7 दिवसांत 331. वाचले 92 टन. जनरेटरचा खप धरायचा नाही, अँकरेजवरही (नांगर टाकून थांबल्यावरही) तो चालूच असतो.

वर युरोपचा कार्बन हिशेब. टन इंधनामागे 3.114 टन धरून, 92 × 3.114 म्हणजे 286 टन कार्बन डायऑक्साइड. बाहेरून युरोपात येणाऱ्या फेरीचे निम्मेच मोजतात, म्हणजे 143 परवाने (टनाला एक). 2025 च्या उत्सर्जनाला त्याचे 70 टक्के, 2026 पासून पूर्ण. परवाने जमा मालकाकडून होतात, पण फ्रेटमध्ये (भाड्यात) ईटीएस, म्हणजे या युरोपीय परवाना योजनेचा, सरचार्ज तुम्ही देत असाल तर ही बचतही वाटणीत घ्या. बहुतेक चार्टरर हे विसरतात.

लेटाइमवाला: दोन खाचा. बिल ऑफ लेडिंग (मालाची पावती, जिच्यावर माल ताब्यात मिळतो) तिसऱ्याच्या हातात गेलं की तो ‘विनाकारण रेंगाळलात’ म्हणून मालकावर दावा लावू शकतो, त्यामुळे कलम बिलातही ओढून घ्या. आणि टर्मिनलकडून बर्थची वेळ लेखी हवी. ती वेळ ऐनवेळी पुढे-मागे झाली तर नुकसान कोणाचं, हे वेग कमी करण्याआधी ठरवा. मालकाची पुढची लेकॅन (पुढच्या फेरीसाठी जहाज हजर करायची तारखांची चौकट) तंग असेल तर तो तसाही ऐकणार नाही.