बरोक गायन आणि छोट्या संचातला जॅझ: सुरुवात कुठून करावी?

शुद्धमध्यम:
मी ख्याल ऐकत वाढलो. पाश्चात्त्य संगीतात ऐंशी-शंभर जण एकदम वाजवायला लागले की लक्ष कुठे द्यावं तेच कळत नाही. तीन-चार कलाकारांचंच काही ऐकायचं आहे. बरोक गाणं (सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय) आणि छोट्या संचातला जॅझ, दोन्हींबद्दल उत्सुकता आहे. पण यूट्यूबवर एकेका रचनेची ढीगभर ध्वनिमुद्रणं आहेत. नेमकी कुठली ऐकू?

खर्जातला:
दोन्ही शेजारी ठेवून ऐका, आणि दोन्हीकडे आधी बास, म्हणजे सगळ्यात खालची सुरावट, पकडा.

इटालियन संगीतकार मोंतेव्हेर्दीचं 'लामेंतो देल्ला निन्फा' ('अप्सरेचा विलाप', १६३८) घ्या. खाली चारच सूर उतरत राहतात: सा, कोमल नी, कोमल ध, प. तबल्याच्या लेहऱ्यासारखे तेच ते, पुन्हा पुन्हा. वर प्रियकराने टाकलेली मुलगी गाते आणि तीन पुरुष तिच्यासाठी हळहळतात. फेरा संपून नवा सुरू होतो तरी तिचं वाक्य संपलेलं नसतं. तिने हाताच्या तालावर नव्हे, मनातल्या भावाच्या तालावर गावं, अशी मोंतेव्हेर्दीची छापील सूचनाच आहे. ख्यालाच्या कानाला हे लगेच भिडेल.

मग इंग्लिश संगीतकार पर्सेलच्या 'डायडो अँड इनिअस' या ऑपेरातला (संगीत नाटकातला) डायडोचा शेवटचा विलाप, गायिका जॅनेट बेकरच्या आवाजात, १९६१ चं ध्वनिमुद्रण. इथेही बास उतरतो, पण अर्ध्या-अर्ध्या सुराने. 'रिमेंबर मी' हे शब्द ती आधी एकाच स्वरावर धरते. तेवढ्यासाठी तरी ऐकाच.

जॅझमध्ये पियानोवादक बिल एव्हान्सची त्रयी (पियानो, बास, ड्रम्स). २५ जून १९६१, न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब. पेल्यांची किणकिण, लोकांची कुजबुज, सगळं ऐकू येतं. स्कॉट लाफारोचा बास (इथे खर्जातलं मोठं तंतुवाद्य) नुसती साथ करत नाही, पियानोला उत्तरं देतो. अकरा दिवसांनी तो मोटार अपघातात गेला. अवघा २५ वर्षांचा होता.

ओबोप्रेमी:
खर्जातला यांना +१. जर्मन संगीतकार बाखचा कँटाटा (वाद्यांच्या साथीने गायची अनेक भागांची रचना) क्र. ८२ (१७२७) राहिला की! गायिका लॉरेन हंट लीबरसनचाच ऐका. गाण्याकडे वळण्याआधी ती व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) वाजवायची. ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) आधी ओळ म्हणतो, मग ती उचलते. मधलं अंगाईसारखं पद मला अजून सलग दोनदा ऐकवत नाही, इतकं आत जातं.

शुद्धमध्यम:
यादी उतरवून घेतली, मनापासून आभार. जॅझमध्ये पियानोशिवाय काही आहे का?

खर्जातला:
आहे ना. जेरी मलिगनची १९५२ ची चौकडी: त्याचा स्वतःचा बॅरिटोन (खालच्या सुरांचा) सॅक्सोफोन, चेट बेकरचा ट्रंपेट, बास आणि ड्रम्स. दोन फुंकवाद्यं एकमेकांभोवती अशी फिरतात की बरोकमधले दोन गळेच वाटावेत. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात बास जवळजवळ गायबच होतो. साधे हेडफोनही चालतील.