मदत हवी आहे: मुलीला व्हायोलिन वाजवायचंय आणि शिकवायचंही, पदवी कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी,

मुलगी १७ वर्षांची आहे. सहाव्या वर्षापासून पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकते. पदवी संगीतातच घ्यायची हे तिचं केव्हाच ठरलंय आणि घरातून कुणाची आडकाठी नाही. गाडी अडली आहे ती अर्ज भरताना. एकच विद्यापीठ, एकच संगीत विभाग आणि पदव्या तीन: बीए संगीत, बॅचलर ऑफ म्युझिक (वादन) आणि बॅचलर ऑफ म्युझिक एज्युकेशन. खूण एकाच रकान्यात करायची आहे.

तिला तिसऱ्या रकान्यात करायची आहे. तिचे सर म्हणतात, "एवढा हात तयार असताना शिक्षणाकडे कशाला? शिकवणं पुढे कधीही करता येतं, वाजवणं नाही." सरांचा शब्द आमच्या घरात फार मोठा आहे. ११ वर्षं त्यांनी तिला घडवलंय. त्यामुळे त्यांचं बोलणं तिला लागलं, आणि खरं सांगायचं तर मलाही. त्या दिवसापासून ती दुप्पट रियाज करते आहे, पण अर्ज तसाच पडून आहे.

मला आतापर्यंत जे कळलंय ते सांगते, चुकत असेन तर दुरुस्त करा. फरक मुख्यतः संगीताला किती वाटा मिळतो यात आहे. अमेरिकेत संगीत विभागांना मान्यता देणारी नॅसम ही संस्था १९२४ पासून आहे. तिच्या निकषांत बीएमध्ये साधारण ३० ते ४५ टक्के अभ्यास संगीताचा, वादनाच्या पदवीत निदान ६५ टक्के, आणि संगीत शिक्षणाच्या पदवीत ५० टक्के संगीत, १५ ते २० टक्के अध्यापनशास्त्र, बाकीचे सर्वसाधारण विषय. इतर देशांत आकडे बदलतील, पण अभ्यासक्रम चाळताना साचा पुष्कळसा असाच दिसला. पहिली दोन वर्षं तिघांची बरीचशी सारखीच: संगीतशास्त्र, कान तयार करण्याचे वर्ग, संगीताचा इतिहास, वाद्यवृंद, स्वतःच्या वाद्याची शिकवणी. पुढे वादनवाला सरावाच्या खोलीत जातो आणि शेवटी तासाभराची एकल मैफल देतो. शिक्षणवाला तंतुवाद्यं, फुंकवाद्यं, तालवाद्यं सगळी थोडी थोडी हाताळतो, वाद्यवृंद चालवायला शिकतो, बालमानसशास्त्र वाचतो आणि शेवटचं एक सत्र चक्क शाळेत उभा राहून शिकवतो.

आता ती शिकवण्याकडे का ओढली गेली ते सांगते. हे सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

शेजारचा ७ वर्षांचा मुलगा आठवड्यातून दोनदा तिच्याकडे व्हायोलिन घेऊन येतो. सूर बरे लागतात, पण विराम आला की थांबायचा नाही, सरळ पुढच्या सुरावर उडी. तिने तीनदा मात्रा मोजून दाखवल्या. तो मोजायचाही बरोबर आणि चुकायचाही त्याच जागी. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. मग तिने त्याचं व्हायोलिन पेटीत ठेवायला लावलं आणि त्याला दिवाणखान्यात चालायला सांगितलं. एका मात्रेला एक पाऊल, आणि विरामाला पाय उचलून तसाच हवेत धरायचा. पहिल्या फेरीत तो धडपडला, दुसऱ्या फेरीत हसत सुटला, तिसऱ्या फेरीत पाय नेमका एक मात्रा हवेत राहिला. मग वाद्य पुन्हा हातात घेतलं आणि विराम जागच्या जागी! तिचा चेहरा तेव्हा असा उजळला होता की तसा तो स्पर्धेतल्या बक्षिसानेही कधी उजळला नव्हता. नंतर अभ्यासक्रम वाचताना तिला कळलं की जिनिव्हाच्या संगीतशाळेत शिकवणाऱ्या एमिल जाक-डालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी हीच गोष्ट पद्धत म्हणून उभी केली. त्यांच्या विद्यार्थ्यांची बोटं तयार होती, पण लय अंगात नव्हती, म्हणून त्यांनी त्यांना चालायला लावलं. "आई, मी जे सुचलं म्हणून केलं ते शिकवतात इथे!" हे तिचं वाक्य. कोदाय, ऑर्फ, सुझुकी यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धतींवर त्याच पदवीत स्वतंत्र तास आहेत. ती यादी ती पुन्हा पुन्हा उघडून वाचते.

दुसरी बाजूही सांगते. गेल्या महिन्यात एका ठिकाणी प्रवेश-चाचणी झाली. नाव लिहीत नाही. वेगवेगळ्या प्रकृतीच्या दोन रचना आणि तीन सप्तकांतल्या सुरावली, सगळं छान झालं. मग परीक्षकांनी पियानोवर पाच-सहा सुरांची ओळ वाजवली आणि ती गाऊन दाखव म्हणाले. पोर गप्प. व्हायोलिनवर तिने ती क्षणात वाजवली असती, पण गळ्यातून आवाजच फुटेना. पाठोपाठ न पाहिलेली स्वरलिपी बघून गायची होती, तीही अर्धवट राहिली. ११ वर्षांत तिला कुणी गायला लावलंच नव्हतं, आणि मलाही कधी सुचलं नाही. बाहेर येऊन ती म्हणाली, "मला मुलांना गाऊन दाखवता येत नसेल तर मी शिकवणार कशी?" यावर मला उत्तर देता आलं नाही.

माझा खरा प्रश्न असा, की संगीत शिक्षणाची पदवी घेतली तर तिचं स्वतःचं वाजवणं चार वर्षांत मागे पडेल का? विभागाच्या माहितीपत्रकात सगळं गोड गोड लिहिलेलं असतं, म्हणून ज्यांनी हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. दोन्ही पदव्या एकदम घेता येतात असंही काही ठिकाणी लिहिलंय, ते झेपतं का? आणि विभागाला भेट द्यायला जाऊ तेव्हा नेमकं काय विचारावं, काय पाहावं? अर्जाची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे.

प्रतिसाद १

ताई, मी व्हायोला घेऊन हीच पदवी केली आणि आता १४ वर्षं शाळेत शिकवतो आहे. जे भोगलं ते लिहितो.

वाजवणं आपोआप मागे पडत नाही, पण त्याला वेळ उरत नाही हे खरं. कागदावरच्या श्रेयांकांवर जाऊ नका. वाद्यवृंदाच्या तालमी आठवड्याला चार-पाच तास चालतात आणि श्रेयांक मिळतो बहुतेक ठिकाणी एकच. त्यावर प्रत्येक वाद्यगटाचा वेगळा वर्ग. मी एका सत्रात क्लॅरिनेट शिकलो. पहिले दोन आठवडे त्यातून फक्त किंचाळी निघायची, रीड ओठात किती घ्यायची तेच कळेना. त्यात रियाजाचे तास गेले म्हणून तेव्हा चिडायचो. आज माझ्या वर्गात एखादी मुलगी तशीच किंचाळी काढून रडवेली होते तेव्हा तिचा ओठ कुठे चुकतोय ते मला लांबूनच दिसतं. मी सकाळी ६ ते ८ हे दोन तास कुणाला म्हणजे कुणाला दिले नाहीत, म्हणून हात टिकला. आमच्यातल्या ज्यांनी ते दिले, त्यांचा गेला.

तुमच्या सरांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. १८ ते २२ या वयात बोटांवर जे काम होतं ते पुढे फार महाग पडतं. "शिकवणं कधीही करता येतं" हे मात्र देशादेशावर आहे. इंग्लंडमध्ये आधी संगीताची पदवी आणि मग एका वर्षाचा पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम, हा रुळलेला मार्ग आहे. अमेरिकेत सरकारी शाळेत शिकवायला राज्याचा परवाना लागतो आणि शिक्षणाच्या पदवीत त्याची तयारी आतच होते. नुसती वादनाची पदवी घेतली की तो रस्ता नंतर वेगळा चालावा लागतो. तेव्हा जिथे पुढे शिकवायचं आहे तिथला नियम आधी वाचा, मग रकाना भरा.

दोन्ही पदव्या एकदम घेण्याबद्दल: शेवटच्या सत्रात सकाळपासून दुपारपर्यंत शाळेत असता, आणि त्याच वर्षी तासाभराच्या मैफलीची तयारी करायची असते. माझ्या वर्गातल्या एकीने केलं, तिला पाचवं वर्ष लागलं. करायचंच असेल तर पाच वर्षं धरूनच बसा.

भेटीला जाल तेव्हा शिक्षणाच्या मुलांना वाद्याची शिकवणी मुख्य प्राध्यापकच देतात का, आणि आठवड्याला पूर्ण तास देतात का, हे विचारा. काही ठिकाणी वादनवाल्यांना तास आणि शिक्षणवाल्यांना अर्धा तास असतो. पहिल्या वाद्यवृंदात त्यांना चाचणी देऊन बसता येतं का तेही विचारा. एकल मैफल सक्तीची आहे का? अर्ध्या तासाची असली तरी चालेल, पण असावी. आणि मुलांच्या वर्गात पहिल्यांदा कधी पाठवतात? आम्हाला पहिल्याच वर्षी निरीक्षणाला पाठवलं, ते फार बरं झालं. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा वर्गात उभं राहून "हे आपलं काम नव्हे" असं कळलेले लोकही मी पाहिले आहेत.

आणि तिला हे नक्की सांगा. विवाल्डी १७०३ पासून व्हेनिसच्या ज्या अनाथालयात व्हायोलिन शिकवत होता, तिथल्याच मुलींसाठी त्याने कितीतरी रचना लिहिल्या. गुस्ताव होल्स्ट हा इंग्रज संगीतकार १९०५ पासून १९३४ साली मरेपर्यंत लंडनमधल्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवत होता आणि त्याचं सगळ्यात गाजलेलं काम त्याच काळातलं आहे. १९१३ मध्ये शाळेने नवीन संगीत विभाग बांधला, त्यात त्याला आवाज आत न येणारी एक खोली मिळाली आणि सुट्टीच्या दिवशी तो तिथे बसून लिहायचा. शिकवणारा माणूस वाजवण्या-लिहिण्यातून उठतो, हे त्यांच्याकडे बघून कोण म्हणेल?

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. एकच भर: पियानो आजपासून सुरू करा. कुठलंही वाद्य असलं तरी शिक्षणाच्या पदवीत बहुतेक ठिकाणी पियानोची पात्रता परीक्षा असते. साध्या गाण्याला दोन्ही हातांनी साथ, सगळ्या पट्ट्यांतल्या सुरावली, आयत्या वेळी पट्टी बदलून वाजवणं. ती पार झाल्याशिवाय शाळेत शिकवायला पाठवत नाहीत. तंतुवाद्यवाले इथेच अडकतात, कारण त्यांना एका वेळी स्वरलिपीची एकच ओळ वाचायची सवय असते.

गायनाची भीती मनातून काढून टाका. तिथे गळा बघत नाहीत, कान बघतात. फक्त त्या विभागात डो (डो-रे-मी मधला पहिला सूर) चल आहे की अचल ते आधी विचारून घ्या. चल डो म्हणजे आपला सा, पट्टी बदलली की तोही सरकतो. अचल डो म्हणजे कुठल्याही पट्टीत पांढरी एकच. एकाची सवय लागल्यावर दुसऱ्यावर जाणं जड जातं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोन्ही प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवले. सकाळचे ६ ते ८ तिने लगेच कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवलेत. होल्स्टच्या खोलीचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही.

चल डोचं वाचून मला हायसं वाटलं. मी लहानपणी चार वर्षं गाणं शिकले आहे. सरगम अजून विसरलेले नाही. आज संध्याकाळी तंबोऱ्याचं ॲप लावून दोघी बसलो. मी सा रे ग म म्हणायचे, तिने तेच डो रे मी फा करून परत गायचं. पहिली दहा मिनिटं ती व्हायोलिनकडेच बघत होती. मग मी मुद्दाम पट्टी वर नेली आणि ती माझ्या सा बरोबर न अडखळता सरकली. आवाज बारीक येतो, थरथरतो, पण सूर अचूक. रोज वीस मिनिटं बसायचं ठरवलंय.

विभागाला चारही प्रश्न लिहून पाठवले. शिकवणीचं उत्तर आलं: पूर्ण तास, आणि मुख्य प्राध्यापकांकडेच. एकल मैफल तिसऱ्या वर्षी, अर्ध्या तासाची, सक्तीची. वाद्यवृंदाचं आणि वर्गात कधी पाठवतात त्याचं उत्तर अजून यायचंय. उद्या तिच्या सरांकडे जाणार आहोत, हे सगळं त्यांच्यापुढे ठेवायला. त्यांच्या आशीर्वादाशिवाय तिला खूण करायची नाही आणि मला ते योग्य वाटतं.

आता पियानो. घरी पियानो नाही, कीबोर्ड घ्यायचा विचार आहे. पात्रता परीक्षेच्या तयारीला ६१ पट्ट्यांचा चालेल की पूर्ण ८८ चाच घ्यावा? आणि वजनदार पट्ट्या (पियानोसारख्या दाबायला जड) सुरुवातीपासून लागतातच का? कुणी ती परीक्षा दिली असेल तर कृपया सांगा.