मदत हवी आहे: फूकोच्या लंबकाची लंबवर्तुळं कशी थांबवू?

फूकोचा लंबक म्हणजे पृथ्वीचं फिरणं दाखवणारा लांब लंबक. पुण्यात जिन्याच्या मोकळ्या जागेत ६ मीटर पियानो वायरवर ८ किलोचा लोखंडी गोळा टांगलाय. वर तुळईला वायर पकडायला ड्रिल चक (ड्रिलचा पकड-जबडा). झोका मध्यापासून ४० सेंमी. अक्षांश १८.५°, म्हणजे झोक्याचं प्रतल (ज्या सपाटीत तो झुलतो ती) तासाला साधारण ४.८° घड्याळाच्या दिशेने फिरायला हवं. उत्तर-दक्षिण सोडला तर ७°, पूर्व-पश्चिम सोडला तर जेमतेम २°. काही वेळात झोका लंबवर्तुळाकार होतो. मध्यातून ५ मिमी चुकला तरी त्यानेच तासाला साडेपाच अंश फिरतो!

धक्का लागू नये म्हणून गोळा बांधून ठेवलेला दोरा जाळूनच सोडतो, पंखे-खिडक्या बंद. चक फिरवून लावला तरी फरक तोच, म्हणून संशय तुळईवर. ती बदलता येणार नाही, विद्युतचुंबकही नको.

शारोन रिंग (वायरभोवतीचं कडं; झोक्याच्या टोकाला वायर त्याला टेकते आणि आडवी हालचाल मरते) चकखाली ४० सेंमीवर लावली तर तिथे वायर २.७ सेंमी सरकते. मग रिंगची आतली त्रिज्या किती ठेवू, म्हणजे वायर टेकेल पण झोका तासभर टिकेल?