प्रति: तीन महिने झाले तरी मणका जुळेना
तीन महिन्यांत मणका जुळला नाही म्हणजे मणक्यात सुईने हाडाचं सिमेंट भरण्यावाचून गत्यंतर नाही, असं या चर्चेत वर म्हटलंय. एवढी घाई नको. दबलेला मणका साधारण ८ ते १२ आठवड्यांत धरतो, पण हाड मुळात धड असेल तर. साध्या पडण्याने एल-१ (कमरेचा पहिला मणका) दबला असेल तर आधी डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजायची तपासणी, करून घ्या. त्यातला टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली आला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली, आणि मग नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांनी भागत नाही.

आणि एवढ्या चर्चेत मिश्रीचं, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीचं, नाव कुणीच कसं काढलं नाही? सातारा-सांगलीकडच्या बायकांचा विषय आहे म्हणून विचारतोय. कोरेगावच्या आमच्या आत्या गोठ्यात शेणावरून घसरून बसत्या पडल्या. पट्टा बांधला, आराम केला, कंबर काही हटेना. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं तर ठसक्यात "न्हाई" म्हणाल्या. त्यांच्या लेखी ते खरंच होतं, तव्यावर काळी भाजली की ती दात घासायची पूड! डबी मात्र कमरेच्या पट्ट्यातच खोचलेली. निकोटीन हिरडीतूनही रक्तात उतरतं, बारीक रक्तवाहिन्या आखडतात आणि हाड भरून यायला लागणारा रक्तपुरवठा घटतो. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, हाड त्यानेही पोकळ होतं.

पाय बधिर पडले, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.