सर्व्हर सांभाळताना बसलेले फटके : सांगली-साताऱ्याकडचे अनुभव

पतसंस्था, दवाखाना, हळदीची पेढी, कारखाना, कुठंही बघा, 'कॉम्प्युटरचं बघणारा' माणूस एकच. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी त्यालाच हाक, डेटा गेला तरी त्यालाच. अशा एकट्या गड्यांसाठी हा धागा. पुस्तकी टिपा नकोत. काय बिघडलं, कशानं बिघडलं, मग काय बदललंत, एवढं लिहा. संस्थेचं नाव नको.

सुरुवात माझी. ऑगस्ट २०१९ चा पूर. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं ५७ च्या घरात. आमचं ऑफिस तळमजल्यावर. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्या हातभर वर फळी ठोकून सर्व्हर ठेवलेला, म्हणून मी निवांत. शेवटच्या रात्री तिघांनी तो उचलून तिसऱ्या मजल्यावर नेला. बॅकअपची डिस्क मात्र खाली तिजोरीत राहिली. तिजोरीत म्हणजे सुरक्षित, असं डोक्यात! आठवड्यानं उघडली तर आत गाळ. सर्व्हर चालू झाला म्हणून निभावलं. तेव्हापासून एक प्रत क्लाउडवर आणि एक विट्याच्या शाखेत. तिकडं प्यायलाच पाणी कमी, पूर कुठला यायला.

कुपवाड, एमआयडीसी
बिलिंग सॉफ्टवेअरवाल्याला पुण्यातून बघता यावं म्हणून त्यानं राऊटरवर ३३८९ पोर्ट उघडून घेतला होता. रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे लांबून मशीन चालवायचा दरवाजा. 'दोन दिवसांत बंद करतो' म्हणाला, मीही विसरलो. अ‍ॅडमिनचा पासवर्ड कंपनीचं नाव आणि १२३. एका सोमवारी आलो तर सगळ्या फायलींच्या नावांची शेपटं बदललेली, एकही उघडेना, प्रत्येक फोल्डरात खंडणीची चिठ्ठी. बॅकअपची यूएसबी डिस्क कायम मशीनलाच लावलेली असायची, त्यामुळं तीही गेली. पहिलं काम केलं ते नेटवर्कची वायर उपटायचं. वाचवलं कुणी, तर अकाउंटंट बाईंनी. ऑडिटसाठी आठवड्यापूर्वीची एक प्रत त्या घरी घेऊन गेल्या होत्या. सात दिवसांची बिलं कागदावरून परत मारली.
आता बाहेरून यायचं तर व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खासगी वाटेनंच. डिस्क दोन, आलटून पालटून. बॅकअप संपला की काढून कपाटात. आणि खंडणी मागितली तरी घाईनं फॉरमॅट मारू नका, आधी त्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल ठेवा. पुढं कधी फायली उघडायची किल्ली सापडलीच तर उपयोग होतो.

कराड
वरच्या अनुभवाला पुरवणी. सर्ट-इन म्हणजे सायबर सुरक्षा बघणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा हल्ला कळल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो आणि लॉग, म्हणजे कोण कधी आलं-गेलं त्याच्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे असतात. आमच्या राऊटरमध्ये जेमतेम दोन दिवसांचे लॉग राहायचे. एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून सगळे लॉग तिकडं वळवले, खर्च शून्य.

सांगली, मार्केट यार्ड
आमचा शत्रू हॅकर नव्हे, हळद. सीझनला पीसी दुपारी आपोआप बंद पडायचा. दोघांनी व्हायरस म्हणून विंडोज परत टाकून पैसे नेले. शेवटी मीच झाकण काढलं. प्रोसेसर थंड ठेवणारा हीटसिंक दिसतच नव्हता, फॅनखाली पिवळी वाकळ अंथरल्यागत थर. ब्लोअर मारताना एक सांभाळा, फॅनची पाती पेन्सिलीनं अडवून धरा. नाहीतर वाऱ्यानं तो भणाणत फिरतो आणि बेअरिंग जातं, माझं एक गेलंय. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावायची थर्मल पेस्ट मुगाएवढीच. आता सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी, एरवी तीन महिन्यांनी.

सातारा
दोन छोट्या गोष्टी. बँकेची साइट उघडेना, सर्टिफिकेटची चूक दाखवायची. दिवसभर फायरवॉल चाळली. तारीख बघितली तर कैक वर्षं मागची! मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर २०३२ सेल संपलेला. किरकोळ पैशांचं काम.
दुसरी, वळीव. वीज पडली की नेटवर्क स्विच जळायचा, तीनदा झालं. वायरमन म्हणे अर्थिंग हाय की. मीटर लावून न्यूट्रल-अर्थ मोजलं तर १८ व्होल्ट, म्हणजे अर्थिंग नावालाच. अर्थिंगचा खड्डा नवीन केला. इमारतींमधली तांब्याची केबल काढून फायबर टाकली, तिच्यातून वीज येत नाही.

मिरज, दवाखाना
नोकरी सोडून गेलेल्या मुलाचं लॉगिन आठ महिने चालू होतं. त्यानं काही केलं नाही हे त्याचे उपकार. आता एचआरच्या मॅडम शेवटचा पगार काढायच्या आधी माझी सही मागतात. विंडोज १० चा मोफत आधार (सुरक्षेचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी एक्स-रेचं मशीन त्यावरच चालतं. ते इंटरनेटपासून तोडून वेगळ्या नेटवर्कवर ठेवलंय.

तासगाव
रोज सकाळी 'बॅकअप यशस्वी' असा मेल यायचा. वर्षभर. डिस्क गेली तेव्हा कळलं की सॉफ्टवेअर अपग्रेड झाल्यावर डेटाचा फोल्डर डी ड्राइव्हवरून सी ड्राइव्हवर गेला होता, आणि आम्ही रोज रात्री जुनाच फोल्डर इमानेइतबारे कॉपी करत होतो.

धागाकर्ता
तासगावकर, तुमचं वाचून आत्ता विट्याच्या प्रतीची यादी उघडली. शेवटची फाईल मार्चमधली आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं विट्याला निघतोय.