उजनीच्या काठावर पक्षी-पर्यटन : होड्या गावाच्या की ज्याच्या त्याच्या?

करमाळकर :
उजनी धरणाच्या काठी भिगवण-कुंभारगावला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी बघायला गर्दी उसळते. पाणी तेच, पक्षी तेच, पण आपल्या करमाळ्याच्या काठाला फारसं कुणी फिरकत नाही. आता आमच्या गावातही होड्या सुरू करायचं घाटतंय. माझं म्हणणं, आधी नंबर पद्धत ठरवा. तिकीट एकाच ठिकाणी, होड्या पाळीनं, ठरलेला हिस्सा गावाच्या खात्यात, हिशेब ग्रामसभेत. नाहीतर रस्त्याकडेला जमीन असणारा रिसॉर्ट बांधील आणि मच्छीमार त्याच्याकडं रोजंदारीवर होडी चालवतील.

भीमाकाठ :
समिती म्हटलं की अध्यक्ष कुणाच्या गटाचा, यातच दोन वर्षं जाणार. सोसायटीच्या निवडणुका बघता ना? ज्यानं कर्ज काढून होडी घेतली, गिऱ्हाईक त्याचं. पक्षी ओळखणाऱ्याला आणि नुसत्या वल्हं मारणाऱ्याला सारखाच नंबर, हा कुठला न्याय?

करमाळकर :
गिऱ्हाइकासाठी चढाओढ लागली की होडी थेट थव्यात घालतात. उडत्या रोहितांचा फोटो झकास येतो, पण त्यांचं चरणं मोडतं. उथळ पाण्यात डोकं खाली घालून खाणारा पक्षी तो, रोज उठवला तर जागा सोडणारच. इंजिन लांबच बंद करायचं, हा नियम एकट्यानं पाळून भागत नाही.

कुगावकडचा :
पक्ष्यांचं नंतर बघा. 21 मे 2024 ला कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळात उलटली, सहा जीव गेले. लाइफ जॅकेट, होडीत माणसं किती, वारं सुटलं की फेरी बंद, हे कोण ठरवणार? दारात आलेलं गिऱ्हाईक मालक स्वतःहून परत पाठवेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

भीमाकाठ :
हे पटलं. मग नियम समितीचे, गल्ला मालकाचा. फेरी थांबवायचा अधिकार द्या, पैशाला हात लावू नका.

करमाळकर :
आणि जॅकेटं, धक्का, संडास कुणाच्या पैशानं? उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळाचा साठाच उरला, की पाणी कुठल्या कुठं हटतं, मधे नुसता चिखल. धक्का दरवर्षी पुढं सरकवावा लागेल. एकट्याच्या खिशाला झेपेल?

बचत गटवाली :
सगळे होडीवरच भांडताय. पाहुण्यांना चिलापी मासा आणि ज्वारीची भाकरी कोण करून घालणार? आम्हीच ना? मग ताटाचा दर आम्ही ठरवणार आणि पैसे गटाच्या खात्यात येणार. हे ग्रामसभेच्या ठरावात लिहा, मग चुली पेटवू.

भीमाकाठ :
ताई, ताटाचं कबूल. गल्ल्याचं मात्र ग्रामसभेत बोलू.